बारा फोटोंचा रोल पुन्हा बाजारात : जुन्या कॅमेऱ्याचा धंदा सचोटीवरच टिकेल

गळ्यात चौकोनी पेटी अडकवून, मान खाली घालून, पेटीच्या वरच्या काचेत पाहत फोटो काढणारा फोटोग्राफर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी शहरांतील शादी-समारंभांत हमखास दिसत असे. त्या पेटीला समोरून एकावर एक अशी दोन भिंगे असत. आपल्या घरांतील जुन्या अल्बममध्ये जे काळेपांढरे चौकोनी फोटो आहेत, त्यांतील पुष्कळसे अशाच कॅमेऱ्यातून निघालेले आहेत. पुढे छोट्या रंगीत रोलचे कॅमेरे आले, मग डिजिटल कॅमेरे आले, शेवटी मोबाइल आला. पेटी माळ्यावर गेली. कित्येकांनी ती भंगारात दिली.

आता तीच पेटी पुन्हा विचारली जाऊ लागली आहे. शिकणारी मुले, जाहिरातीचे फोटोग्राफर, हौशी मंडळी आणि काही शादीचे फोटोग्राफरसुद्धा 'मिडियम फॉरमॅट' म्हणजे एकशेवीस नंबरच्या रोलचा जुना कॅमेरा शोधत आहेत. जुन्या बाजारात त्याचे भाव चढले आहेत. आपल्या मोहल्ल्यांतील अनेक तरुण फोटोग्राफीवर पोट भरतात. मोबाइलने त्यांच्या कामाचा मोठा हिस्सा खाल्ला आहे. अशा वेळी 'जुन्या कॅमेऱ्याला सोन्याचा भाव आहे' असे कानावर आले की मन तिकडे धावते. साठवलेली किंवा उसनी आणलेली रक्कम एका जुन्या पेटीत घालण्यापूर्वी या धंद्याचा हिशेब नीट मांडून पाहणे जरूरीचे आहे. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

रोल गेला कसा आणि परतला कसा

रोलच्या धंद्यावर एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठे संकट आले. इंग्लंडची इलफोर्ड कंपनी २००४ साली डबघाईला आली. २००५ साली जर्मनीच्या आग्फाफोटोचे दिवाळे निघाले. २००८ साली पोलरॉइडने आपल्या झटपट फोटोच्या फिल्मचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्या देशात उटी येथे १९६० साली स्थापन झालेली सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी 'इंदू' नावाचे रोल आणि एक्स-रे फिल्म बनवीत असे. ती नव्वदीच्या दशकातच आजारी उद्योगांत गणली गेली आणि पुढे बंद पडली.

परंतु सगळेच कारखाने मेले नाहीत. इलफोर्डच्या व्यवस्थापकांनी स्वतःच कंपनी विकत घेऊन हार्मन टेक्नॉलॉजी या नावाने काम चालू ठेवले. त्यामुळे काळ्यापांढऱ्या रोलचा पुरवठा तुटला नाही. कोडॅकने बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ साली पुन्हा आणली आणि पुढच्याच वर्षी ती एकशेवीसच्या आकारातही दिली. २०२२ साली कोडॅक गोल्ड हा स्वस्तातला रंगीत रोल एकशेवीसमध्ये आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोडॅकने रॉचेस्टर येथील फिल्मचा कारखाना काही आठवडे थांबवला. या वेळचे कारण मंदी नव्हते. वाढती मागणी पुरी करता यावी म्हणून यंत्रसामग्री सुधारून घ्यायची होती.

रोल नवे येत आहेत, कॅमेऱ्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. स्वीडनच्या हॅसलब्लॅडने रोलवर चालणारा आपला प्रसिद्ध चौकोनी कॅमेरा २०१३ साली बंद केला. जपानच्या याशिकाने दोन भिंगांचा आपला शेवटचा कॅमेरा १९८६ च्या सुमारास थांबवला होता. पेन्टॅक्सने २०२४ साली नवा रोलचा कॅमेरा काढला खरा, पण तो छोट्या पस्तीस मिलिमीटर रोलचा आहे. म्हणजे एकशेवीसच्या चांगल्या कॅमेऱ्यासाठी गिऱ्हाईक मुख्यतः जुन्या मालावरच अवलंबून आहे. हा माल दर वर्षी कमी होणार, वाढणार नाही. या धंद्याचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

हा कॅमेरा आहे तरी काय?

एकशेवीसचा रोल कोडॅकने १९०१ साली बाजारात आणला. सव्वाशे वर्षे होत आली, तरी त्याची रुंदी आणि बांधणी तीच आहे. फिल्मच्या मागे काळा कागद असतो. रोल पुरा झाला की तो मागे गुंडाळावा लागत नाही, दुसऱ्या रिकाम्या फिरकीवर चढून बाहेर निघतो. म्हणून जुना कॅमेरा घेताना आत एक रिकामी फिरकी आहे की नाही हे पाहावे. ती नसेल तर नवा रोल हातात असूनही चालवता येत नाही.

या एकाच रोलवर कॅमेऱ्याप्रमाणे वेगवेगळ्या आकाराचे फोटो येतात. सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा, सहा बाय साडेचारचे पंधरा किंवा सोळा, सहा बाय सातचे दहा आणि सहा बाय नऊचे आठ. चौकोनी निगेटिव्ह प्रत्यक्षात सुमारे ५६ मिलिमीटर बाजूची भरते. तिचे क्षेत्रफळ पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हपेक्षा साडेतीन पटींहून अधिक असते. मोठा फोटो केला तरी कपड्याचा पोत, दाढीचा केस, भिंतीवरचा चुना स्पष्ट राहतो, याचे कारण हेच.

दोन भिंगांच्या कॅमेऱ्याचा पाया जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील फ्रँके आणि हायडेके यांच्या कारखान्याने घातला. त्यांचा रोलायफ्लेक्स १९२९ साली आला. वरच्या भिंगातून पाहायचे आणि खालच्या भिंगातून फोटो निघायचा, अशी त्याची रचना. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातातही रोलायफ्लेक्स असे. त्याच धर्तीवर जपानने याशिका आणि मामिया, चीनने सीगल आणि रशियाने ल्युबिटेल काढले. आपल्याकडील स्टुडिओवाल्यांनी रोलायफ्लेक्स महाग पडतो म्हणून याशिकावर बरीच वर्षे काढली. वडोदऱ्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री तर मध्यमवर्गीय घरांतला कॅमेरा होता. त्यात ऊन आणि ढग अशा खुणा पाहून दांडी सरकवली की काम झाले. तोही एकशेवीसचाच रोल घेतो, बारा चौकोनी फोटो देतो आणि शिकण्यासाठी आजही वाईट नाही. मात्र त्याच्यावर धंद्याचे काम घेऊ नये.

एका फोटोचा हिशेब

मोबाइलवर शंभर फोटो काढले काय किंवा एक काढला काय, खर्च तोच. रोलमध्ये प्रत्येक वेळी बटण दाबले की पैसे जातात. हिशेबासाठी काही आकडे गृहीत धरू. आपापल्या गावच्या दराप्रमाणे ते बदलून घ्यावेत. रोल १,२०० रुपये, धुण्याचे ४०० रुपये, स्कॅनिंगचे ४०० रुपये, असे एका रोलमागे २,००० रुपये झाले. चौकोनी बारा फोटो धरले तर एक फोटो सुमारे १६७ रुपयांना पडला. सहा बाय सातचा कॅमेरा असेल तर दहाच फोटो, म्हणजे प्रत्येकी २०० रुपये. बारांपैकी तीन बिघडले तर उरलेल्या नऊ फोटोंवर तोच खर्च बसतो आणि दर २२२ रुपयांवर जातो.

यात कॅमेऱ्याची किंमत अजून धरलेली नाही. कॅमेरा ४०,००० रुपयांना घेतला आणि दुरुस्तीची वेळ येईपर्यंत त्यावर २०० रोल चालवले, तर प्रत्येक रोलमागे आणखी २०० रुपये, म्हणजे फोटोमागे १७ रुपये वाढले. अशा कॅमेऱ्यावर एका शादीचे तीनशे फोटो काढायचे म्हटले तर पंचवीस रोल लागतील आणि कॅमेरा सोडून ५०,००० रुपये नुसत्या सामानावर जातील. एवढा खर्च देणारे गिऱ्हाईक विरळाच.

म्हणून अनुभवी लोक शादीचे संपूर्ण काम रोलवर घेत नाहीत. मुख्य काम डिजिटलवर करतात आणि दूल्हा, आईवडील, घरातील बुजुर्ग यांचे निवडक बारा किंवा चोवीस फोटो रोलवर काढून त्याचा वेगळा दर सांगतात. बुजुर्गांचा एक चांगला फोटो घरात राहावा, ही इच्छा गिऱ्हाइकाला असते आणि त्यासाठी तो पैसे मोजतो. रोलचा उपयोग तिथे आहे. जो हा हिशेब न करता केवळ हौसेने कॅमेरा घेतो, त्याचा कॅमेरा दोन-चार रोलनंतर कपाटात जातो आणि रक्कम अडकून पडते.

(छायाचित्रणाच्या शरई बाजूबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. पासपोर्ट, ओळखपत्र यांसारख्या गरजेच्या फोटोपलीकडे कोठवर जावे, हे ज्याने त्याने जाणकार आलिमांना विचारून ठरवावे. येथे केवळ व्यापाराची बाजू मांडली आहे.)

ऐब कोठे लपतो?

जुन्या कॅमेऱ्याचे बाहेरचे कातडे पुसून चकचकीत करायला अर्धा तास पुरतो. बिघाड आत असतो. घेणाऱ्याने पुढील गोष्टी दुकानातच, उजेडात तपासाव्यात.

पहिली गोष्ट शटर. वेग एक सेकंदावर ठेवून बटण दाबावे आणि घड्याळाशी ताडून पाहावे. जुन्या शटरमधील तेल-ग्रीस सुकले की मंद वेग अडकतात. एक सेकंदाचे शटर तीन सेकंद उघडे राहते किंवा मिटतच नाही. १/५०० चा वेग कानाने कळत नाही, त्यासाठी दुरुस्तीवाल्याकडे यंत्रावर तपासणी करून घ्यावी. स्वतःचा फोटो काढण्यासाठी दिलेली घड्याळी दांडी जुन्या कॅमेऱ्यात ओढून पाहू नये. तिची कमान थकलेली असते आणि तिच्यामुळे सारे शटर अडकू शकते.

दुसरी गोष्ट भिंग. शटर 'बी' वर उघडे धरून, मागचे झाकण उघडून, बॅटरीचा झोत भिंगातून पाडावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, जिला बाजारात 'फंगस' म्हणतात. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत हा रोग फार. वरवरची बुरशी साफ होते, पण काचेवरचा थर तिने खाल्ला असेल तर डाग कायम राहतो. कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर दोन काचा जोडणारा डिंक सुटू लागला आहे असे समजावे.

तिसरी गोष्ट फोकस. वरच्या काचेत स्पष्ट दिसते तेच खालच्या भिंगातून फिल्मवर स्पष्ट उमटते का, हे पाहावे. पूर्वी कोणी भिंग उघडून चुकीचे बसवले असेल तर वर स्पष्ट दिसेल आणि फोटो पुसट येईल. मागच्या बाजूला फिल्मच्या जागी खरबरीत काच किंवा टिकाऊ ट्रेसिंग कागद ताणून धरला की ही तपासणी होते.

चौथी गोष्ट प्रकाशमापक. याशिका मॅट १२४ जी हा १९७० साली आलेला कॅमेरा चांगला, भिंग ८० मिलिमीटरचे आणि धारदार. पण त्याच्या प्रकाशमापकाला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागे. पर्यावरणाच्या कारणाने तो सेल आता बनत नाही. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा सेल घातला तर काटा चुकीचे दाखवतो. कानाच्या मशिनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल कडी लावून बसवला तर काम बऱ्यापैकी भागते. सर्वांत सोपे म्हणजे उन्हाचा जुना नियम लक्षात ठेवणे. भर उन्हात भिंगाचे छिद्र एफ १६ ठेवावे आणि वेग रोलच्या नंबराइतका धरावा. १०० चा रोल असेल तर साधारण १/१२५, ४०० चा असेल तर १/५००.

पाचवी गोष्ट माल कोठून आला ही. बोरा बाजार असो, चोर बाजार असो की घरी येऊन विकणारा असो, विकणाऱ्याचे नाव-पत्ता असलेली पावती घ्यावी आणि तिच्यावर कॅमेऱ्याचा नंबर लिहून घ्यावा. चोरीचा माल स्वस्त मिळाला म्हणून तो हलाल होत नाही.

ओल्या धान्याची शिकवण

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आमच्यापैकी नाही असे बजावले. हा प्रसंग आपण जुम्याच्या खुतब्यात अनेकदा ऐकतो. जुन्या कॅमेऱ्याच्या धंद्याला तो जसाच्या तसा लागू पडतो. वर चकचकीत कातडे आणि आत बुरशी, म्हणजे वर कोरडे आणि आत ओले धान्यच झाले.

इस्लामी फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' नावाचा नियम आहे. विकताना जो दोष मालात होता आणि घेणाऱ्याला सांगितला नव्हता, तो नंतर उघड झाला तर घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क राहतो. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावून लपवलेला दोष पवित्र होत नाही. जुना कॅमेरा विकणाऱ्याने छापील चिठ्ठी ठेवावी. तीत शटरचे कोणते वेग बरोबर, कोणते मंद, भिंगावर डाग आहे की नाही, प्रकाशमापक चालतो की नाही, मागच्या झाकणातून उजेड शिरतो की नाही, असे पाच-सहा मुद्दे भरून सही करून द्यावी. मुदत संपलेले रोल विकायचे असतील तर मुदतीची तारीख ठळक लिहावी. काही गिऱ्हाइके असे रोल मुद्दाम मागतात, पण ते त्यांना ठाऊक असले पाहिजे.

असे केल्याने धंदा मंदावेल अशी भीती वाटते. प्रत्यक्षात या बाजारात गिऱ्हाइकाला सर्वांत मोठी धास्ती दोषाचीच आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या वस्तूला कारखान्याची हमी नाही, कंपनीचे दुकान नाही, सुटे भाग नाहीत. जो दुकानदार 'मंद वेग अडकतो, म्हणून तीन हजार कमी' असे स्वतः सांगतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते आणि चार जणांना घेऊन येते. ऐब सांगून विकलेला माल परत येत नाही. लपवून विकलेला माल परत येतो आणि बदनामीही आणतो.

खरे भांडवल कारागिराचे हात

कॅमेरे मर्यादित आहेत आणि ते जुने होत चालले आहेत. म्हणजे येत्या काळात कमाई खरेदी-विक्रीपेक्षा दुरुस्तीत अधिक राहील. घड्याळ, शिलाई मशिन, रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या झाले. कॅमेरा दुरुस्तीतही असे उस्ताद होऊन गेले आणि काही अजून हयात आहेत. त्यांच्याकडे शिकायला येणारे मूल मात्र दिसत नाही, कारण मधल्या वीस वर्षांत या कामात पैसा नव्हता.

दोन भिंगांच्या कॅमेऱ्याचे शटर भिंगाच्या आतच असते आणि ते घड्याळासारखेच दातेरी चाके व कमानींवर चालते. त्यात इलेक्ट्रॉनिक पाटी नाही. ज्याला घड्याळ उघडता येते, त्याला हे शिकता येते. लागणारे सामान म्हणजे बारीक पेचकस, भिंगाची कडी उघडण्याचा पाना, साफ करण्याचे द्रावण, योग्य ग्रीस, शटरचा वेग मोजण्याचे छोटे यंत्र आणि पुष्कळ सब्र. सुरुवात गिऱ्हाइकाच्या मालावर करू नये. बंद पडलेले, भंगारातले दोन-चार कॅमेरे विकत घ्यावेत आणि उघडताना पायरीपायरीने मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. हेच बंद कॅमेरे पुढे सुट्या भागांचे कोठार होतात. कोणत्याही मोहल्ल्यातील बुजुर्ग कारागिराकडे आज एक तरुण बसला नाही, तर दहा वर्षांनी ही विद्या पैसे देऊनही मिळणार नाही.

रोल धुण्याचे काम

दुसरे चालण्यासारखे काम रोल धुण्याचे. रंगीत रोलला ३७.८ अंश तापमान काटेकोर सांभाळावे लागते. काळापांढरा रोल त्या मानाने सोपा आणि घरच्या घरी होतो. डी-७६ किंवा आयडी-११ डेव्हलपर, स्टॉप बाथ, फिक्सर म्हणजे आपला हायपो, आणि उजेड न शिरणारी टाकी एवढे पुरे. रोल टाकीच्या फिरकीवर चढवताना तेवढा पूर्ण अंधार हवा, पुढचे काम उजेडात होते. इलफोर्डचा एचपी ५ रोल मूळ ताकदीच्या आयडी-११ मध्ये २० अंशाला साडेसात मिनिटांत धुऊन निघतो.

आपल्याकडे अडचण पाण्याची. मे महिन्यात नळाचे पाणी तिशीला पोचते. मोठ्या घमेल्यात बर्फाचे पाणी घेऊन त्यात डेव्हलपरची बाटली ठेवावी आणि थर्मामीटरने २० अंश आले की काम सुरू करावे. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नये, द्रावण पातळ होते. रोल वाळवण्याची जागा धुळीपासून बंद असावी. निगेटिव्हवर बसलेला एक कण मोठ्या फोटोत पांढरा डाग होऊन उठतो.

वापरलेला हायपो गटारात ओतू नये. त्यात रोलमधली चांदी उतरलेली असते. ती पाण्याला घातक आणि बाजारात किमती. पूर्वीचे लॅबवाले हा हायपो आणि एक्स-रेच्या जुन्या फिल्म चांदी काढणाऱ्यांना विकत असत. आजही तो साठवून योग्य ठिकाणी दिला तर पर्यावरणाचे नुकसान टळते आणि चार पैसे सुटतात.

निगेटिव्ह ही अमानत

रोल परतल्यामुळे आणखी एक काम निघाले आहे, ते म्हणजे जुन्या निगेटिव्हचे स्कॅनिंग. बंद पडलेल्या स्टुडिओंमध्ये डबेच्या डबे पडून आहेत. कोणाच्या वडिलांचा एकुलता एक फोटो त्यांत असतो. मोठ्या फिल्मचा चांगला स्कॅनर, हातमोजे आणि नीटनेटकी नोंदवही असेल तर हे काम घरातून करता येते. आपल्या शिकलेल्या मुलींनाही ते घरबसल्या करण्यासारखे आहे.

पण हे दुसऱ्याच्या घरातले फोटो आहेत, याचे भान सुटता कामा नये. त्यांत पडद्यातील स्त्रिया असतात, शादीचे क्षण असतात, मयत झालेली माणसे असतात. 'जुन्या काळातील सुंदर फोटो' म्हणून ते इन्स्टाग्रामवर टाकणे, प्रदर्शनात लावणे किंवा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला विकणे हा अमानतीत खयानत करण्याचाच प्रकार आहे. निगेटिव्ह आणि स्कॅन मालकाला परत द्यावेत, आपल्या संगणकावरील प्रत त्याच्या संमतीशिवाय ठेवू नये आणि हा नियम पावतीवर छापावा. ज्या घराला आपल्या आईचा फोटो कोठे फिरणार नाही याची खात्री असेल, तेच घर पुढचा डबा तुमच्याकडे घेऊन येईल.

रक्कम कोठून आणावी?

जुना कॅमेरा व्याजाच्या कर्जावर किंवा क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर घेऊ नये. व्याज हराम आहे हे तर आहेच. शिवाय ज्या वस्तूचे उत्पन्न महिन्याला ठरलेले नाही, तिच्यावर ठरलेला हप्ता चढला की काम करण्यापूर्वीच माणूस दबून जातो. एकट्याची ऐपत नसेल तर मुदारबाच्या पद्धतीने भागी करावी. एकाची रक्कम, दुसऱ्याची मेहनत. नफ्याचे प्रमाण आधी ठरवावे, ठरावीक रक्कम ठरवू नये. तोटा आला तर रक्कमवाल्याची रक्कम जाते आणि मेहनतवाल्याची मेहनत, मात्र मेहनतवाल्याने हयगय केलेली नसावी. हे सारे साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह अल्-बकरामध्ये आलेली आहे. भाऊभाऊ असले तरी लिहिण्यात संकोच करू नये.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी घाई करू नये. प्रथम माळ्यावरचा, काकांचा, मामूंचा कॅमेरा खाली काढून तपासून घ्यावा. त्यावर काळ्यापांढऱ्या रोलचे पाच-सहा रोल चालवावेत, स्वतः धुवावेत, प्रत्येक फोटोचा वेग आणि छिद्र वहीत लिहावे. बारांपैकी दहा फोटो गिऱ्हाइकाला देण्याजोगे येऊ लागले की मगच दर ठरवावा. त्यानंतर कॅमेरा विकत घ्यायचा की दुरुस्ती शिकायची की रोल धुण्याचे काम धरायचे, याचा निर्णय हिशेब पाहून करावा. या तिन्ही कामांत गिऱ्हाईक माल पाहून येत असले तरी ते टिकते माणसाच्या जबानीवर. खरे बोलून विकणाऱ्याच्या आणि हाताने मेहनत करणाऱ्याच्या रोजीत अल्लाह बरकत देवो.